सहा बर्गे

माझ्या नाकावर राग असतो असं माझ्या सासरी म्हणतात आणि माहेरीही म्हणतात. दोन्ही गावांचं एकमत असलेली ही बहुधा एकच गोष्ट आहे. सासर सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, महाराष्ट्रात. माहेर तिथून नदीकाठानं चालत गेलं तर दीड तासावर, पण कर्नाटकात. नदी एकच. आधी ती आमच्या शिवारातून जाते, मग तिचं राज्य बदलतं आणि ती माझ्या माहेरच्या गावाला लागते. नदी म्हणायचं ते आपलं सवयीनं. पावसाळा संपला की दोन महिन्यांत तिच्यात म्हशी बसायलाही पाणी पुरत नाही. म्हणून दोन्ही गावांत एकेक बंधारा आहे.

हे बंधारे सगळ्यांनी पाहिलेले नसतील, म्हणून सांगते. नदीत ओळीनं दगडी खांब असतात आणि दोन खांबांच्या मधे मोकळं दार. पावसाळ्यात दारं उघडी ठेवायची, पूर येतो तसा निघून जातो. परतीचा पाऊस ओसरला की त्या दारांत लोखंडी फळ्या एकावर एक बसवून पाणी अडवायचं. या फळ्यांना आमच्याकडं बर्गे म्हणतात. जितके बर्गे चढवाल तितकं पाणी मागं तुंबतं, आणि सगळ्यात वरच्या बर्ग्यावरून जेवढं सांडेल तेवढंच खालच्या गावाला मिळतं. आमचा बंधारा वरचा आणि माहेरचा खालचा. एवढं कळलं की भांडण कशावरून होत असेल ते वेगळं सांगायला नको.

लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे भांडण बघत आले. एका वर्षी खालच्या लोकांनी येऊन आमचे बर्गे उपसून नदीत फेकले. पुढच्या वर्षी आमच्या लोकांनी बंधाऱ्यावर पहारा बसवला. माझ्या चुलत दिरानं माझ्या धाकट्या भावाची कॉलर धरलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे, आणि त्याच दिवशी संध्याकाळी त्याच दिराला ताट वाढलं आहे. वाढताना भाकरी जरा जोरात आपटली असेल. त्यापलीकडं सुनेला तेव्हा काही करता येत नव्हतं.

पुढं माझे यजमान फौजेतून निवृत्त होऊन घरी आले. इंजिनिअरांच्या पलटणीत होते. सगळं गाव त्यांना सुभेदार म्हणतं, मीही मनातल्या मनात तेच म्हणते. त्यांनी आणि त्या चुलत दिरानं मिळून गावात पाणी वापर संस्था काढली. दीर अध्यक्ष झाले. लिहायला-वाचायला आणि कानडी बोलायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी सचिव झाले. दोन्ही गावांचा करार मी केला. दोन्ही गावांच्या बैठका मी घेतल्या, कानडीतलं मराठीत आणि मराठीतलं कानडीत मीच सांगितलं, सांगताना दोन्हीकडच्या शिव्या गाळल्या. शेवटी एका पानावर दोन्ही भाषांत लिहिलं: पाऊस कमी झाला तर वरच्या बंधाऱ्याला सहा बर्गे, खालच्या बंधाऱ्याला सहा बर्गे, सातवा कुणीही चढवायचा नाही. बर्गे बसवायच्या दिवशी दोन्ही गावांची दोन-दोन माणसं एकमेकांच्या बंधाऱ्यावर जाऊन मोजून येणार. आलेल्यांना यजमान गावानं खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, आणि तूप वाढायचं, हे कागदावर नव्हतं, पण तेही पाळलं जायचं.

चार वर्षं एकाही माणसाची कॉलर कुणी धरली नाही. मला याचा फार अभिमान होता. तो मी लपवायचेही नाही.

गेल्या जानेवारीत पाचगणीहून बोलावणं आलं. एकच नदी दोन-चार देशांतून वाहते अशा ठिकाणची माणसं तिथं जमणार होती. नदीचं पाणी भांडण न करता कसं वाटायचं, यावर चार दिवस बोलणं होणार होतं. आमच्या तालुक्यातल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी आमच्या कराराबद्दल त्यांना कळवलं होतं. मी आणि सुभेदार विट्यावरून साताऱ्याला आणि तिथून वर पाचगणीला गेलो. आमच्या अंगावर आमच्याकडचे स्वेटर, म्हणजे नावाला स्वेटर. सकाळी नाश्त्याला ताटलीभर स्ट्रॉबेरी ठेवलेल्या असायच्या. सुभेदार त्या मीठ लावून खायचे आणि वाढणारा बिचारा बघत राहायचा.

माझी पाळी दुसऱ्या दिवशी आली. साताऱ्याची एक मुलगी माझं बोलणं इंग्रजीत सांगत होती. मी सगळं सांगितलं: भांडणं, बैठका, एक पान, सहा आणि सहा. माझं माहेर खाली आणि सासर वर आहे हेही सांगितलं, तेव्हा लोक हसले आणि मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, मला त्या टाळ्या गोड लागल्या. देशादेशांना जे जमत नाही ते आम्ही हुग्गी खाऊन जमवलं, असं एक वाक्य मी शेवटी टाकलं. ते आदल्या दिवसापासून मनात घोळवलेलं होतं.

मग मागच्या रांगेतली एक बाई उभी राहिली. माझ्याच वयाची असेल. तिच्या देशाच्या वर आणखी तीन देश तीच नदी वापरतात, आणि ती शेवटच्या टोकाला नदीचं पाणी मोजायच्या कामावर आहे, असं तिनं सांगितलं. तिनं एकच प्रश्न विचारला. तुमचा बर्गा किती उंच आहे, आणि त्यांचा किती?

मी म्हटलं, ‘बर्गा बर्ग्याएवढाच असतो की.’

मुलीनं ते इंग्रजीत सांगितल्यावर सगळे पुन्हा हसले. ती बाई हसली नाही. चहाच्या वेळी ती त्या मुलीला घेऊन माझ्यापाशी आली आणि तिनं तिच्याकडची गोष्ट सांगितली. त्यांच्या वरचा देश आठवड्यातून दोन दिवस पाणी सोडायचं कबूल करून बसला होता, आणि सोडतही होता. पण त्या देशाचा दिवस म्हणजे उजाडल्यापासून मावळेपर्यंत, आणि यांनी धरला होता चोवीस तासांचा. कुणीच खोटं बोलत नव्हतं. तरी हे कळेपर्यंत तिच्याकडची किती शेतं पडीक पडली, ते ती सांगत होती. बोलताना तिनं माझ्या हातावर हात ठेवला होता.

मला तिचा राग आला. चारचौघांत माझ्या करारात खोट काढणारी ही कोण, असंच वाटलं. तिच्याशी नंतरचे दोन दिवस मी धड बोललेही नाही. आता त्याचं वाईट वाटतं.

परतीच्या वाटेवर सातारा मागं पडला तरी सुभेदार गप्प होते. हा माणूस गाडीत बसला की फौजेतल्या गोष्टी सुरू करतो, थांबवावा लागतो. वडूजचा फाटा आल्यावर ते म्हणाले, ‘आपला बर्गा दीड फुटाचा हाय.’

‘आणि खालचा?’ मी विचारलं.

‘त्यो जुन्या मापाचा. फुटाचा असंल.’

मग त्यांनी सांगितलं. संस्था निघाली त्याच साली आमचे जुने लाकडी बर्गे कुजले होते. नवे लोखंडी करून घ्यायचं काम यांच्याकडं आलं. उंच केले तर उचलायच्या खेपा कमी होतील, म्हणून यांनी ते दीड फुटाचे करून घेतले. पलटणीत शिकलेली अक्कल. त्यात वाईट हेतू कुठंच नव्हता. आम्ही सहा बसवत होतो आणि ते सहा बसवत होते. त्यांचं पाणी सहा फूट अडत होतं, आमचं नऊ.

‘मग बोलला का नाही?’

‘कुनी इचारलंच न्हाई. करारात सहा लिवलंवतं, मी सहा बसवले.’

पाचगणीच्या आधीच्या पावसाळ्यात पाऊस कमी होता. आमच्या बंधाऱ्यावरून दिवाळीनंतर पाणी सांडलंच नव्हतं. संक्रांतीला भावाचा फोन आला होता, तेव्हा तो सहज म्हणाला होता की पिण्याच्या विहिरीचं पाणी खाली गेलं आहे, बायकांना रांग लावावी लागते. ती विहीर त्यांच्या बंधाऱ्याच्या कडेला आहे. बंधाऱ्यात पाणी असेल तरच तिला पाझर. मी विचारलं होतं, असं कसं झालं? तर म्हणाला होता, पाऊसच न्हाई अक्का, कोन काय करनार. आणि मी फोन ठेवून पाचगणीला न्यायची साडी काढत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप घेतला. बंधाऱ्याच्या शेडमधे आमचे चार जादा बर्गे पडलेले असतात, ते मोजले. दीड फूट. मग सुभेदारांच्या मोटारसायकलवर बसून माहेरच्या बंधाऱ्यावर गेले आणि तिथला मोजला. एक फूट. सहा बर्गे चढवलेले होते आणि पाणी दुसऱ्या बर्ग्याच्याही खाली होतं. त्याच्या वरचे चार बर्गे नुसतेच कोरडे, उन्हात तापत उभे.

भावाला कुणीतरी सांगितलं असावं, तो शेतातून तसाच आला. माझ्या हातातला टेप बघितला आणि त्याची मान खाली गेली. त्यावरूनच मला कळायला हवं होतं.

मी म्हटलं, ‘आमचा बर्गा दीड फुटाचा आहे.’

‘ठाव हाय अक्का.’

‘कधीपासून?’

‘पयल्याच वर्सापासून. मोजाय आलो तवाच दिसलं की. डोळ्यांनी दिसतंय त्ये.’

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. ‘मग बोललास का नाही?’

तो चपलेनं माती सारत राहिला. मग म्हणाला, ‘लेक दिलेल्या घरी जाऊन माप काढत्यात व्हय कुनी? कागद तू लिवलेला. तुज्या दिरापुढं, तुज्या मालकांपुढं उभं राहून तू लिवलेलं चुकलंय म्हनून सांगायचं? गावात म्या सगळ्यांस्नी गप केलं. म्हटलं, तीन फुटासाठी अक्काची मान खाली न्हाई घालायची.’

चार वर्षं. एका अख्ख्या गावानं माझ्या मानासाठी तोंड बंद ठेवलं होतं, आणि ते माझ्या भावानं करवलं होतं. मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. मी त्याला नदीकाठावर उभं करून वाट्टेल ते बोलले. तुझ्या या मानाचं काय करू, तो कळशीत भरून पिऊ का, असंही म्हटलं. सुभेदार मोटारसायकलपाशी उभे राहून टायर बघत होते. टायरला काहीही झालेलं नव्हतं.

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. दीड फुटाचे चार म्हणजे सहा फूट. आमचे दोन बर्गे उतरवायचे, आणि या उन्हाळ्याच्या आधीच उतरवायचे.

संस्थेची बैठक बोलावली. मी टेप आणि कागद दोन्ही पुढं ठेवलं आणि जसं झालं तसं सांगितलं. लोक ऐकून घेत होते, पण चेहरे आवळत चालले होते. द्राक्षं उतरायला महिना होता. उसाला पाणी हवं होतं. अध्यक्ष, म्हणजे माझे ते चुलत दीर, शांतपणे म्हणाले, ‘वैनी, कागदावर सहा लिवलंय. तुमच्याच हातानं. आमी सातवा चढवला का? न्हाई. मग आमचं चुकलं कुठं?’

‘तुमचं नाही चुकलं. माझं चुकलं. मी माप लिहायचं सोडून नग लिहिले.’

‘मग पुढल्या वर्सापासनं दुरुस्त करा की.’

‘पुढच्या वर्षापर्यंत त्यांनी प्यायचं काय?’

कुणीतरी मागून म्हणालं, वैनींचं माहेर हाय म्हनून चाललंय हे. हे येणार हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर घरून निघताना त्याचंच उत्तर शोधत आले होते. मी म्हटलं, ‘हो, माझं माहेर आहे. म्हणून तर तुम्ही चार वर्षं सुखानं झोपलात. दुसऱ्या कुणाचं असतं तर पहिल्याच वर्षी तुमचे बर्गे नदीत गेले असते.’

मी कागदावर आमच्या बंधाऱ्यापुढचा सहा खोडला, वर चार लिहिलं आणि सही केली. म्हटलं, ज्याला हे पटत नाही त्यानं खाली सही करू नये, पण उद्या माझ्याबरोबर येऊन त्या विहिरीत एकदा वाकून बघावं. मग सांगावं.

सहीला कुणीच पुढं आलं नाही. सुभेदार उठले, त्यांनी केली. दुसऱ्या दिवशी खाली यायला अध्यक्ष तेवढे तयार झाले. मला खोटं पाडायलाच ते निघाले होते, तसं त्यांनी वाटेत सांगितलंही.

विहिरीवर रांग होती. दुपारची वेळ, उन्हात कळशांची ओळ आणि कळशांमागं बायका. तळाशी साचेल तेवढं पाणी दोरानं काढायचं, मग पुन्हा साचेपर्यंत थांबायचं. दीर कठड्यावर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग आम्ही भावाच्या घरी गेलो. ज्याची कॉलर धरली होती त्या भावानंच पुढं होऊन तांब्या भरून दिला. दिरांनी तो तोंडाला लावला, दोन घोट घेतले आणि थांबले. भरलेला तांब्या त्यांना खालीही ठेवता येईना आणि पिताही येईना. माझ्या भावानं अगदी साध्या आवाजात म्हटलं, ‘प्या दाजी, पावन्याला असतंय.’

परतताना दीर म्हणाले, ‘एक काढू. आत्ता एक. दुसरा द्राक्षं उतरल्यावर.’

‘दोन.’

‘वैनी, गाव ऐकनार न्हाई.’

‘एक उद्या, एक आठ दिवसांनी. तेवढ्यात बागांना पाणी देऊन घ्या. आठ दिवसांनी मी बंधाऱ्यावर उभी असेन, कुणी आलं तर ठीक, नाही तर मी आणि सुभेदार काढू.’

मी हे बोलले खरी, पण आमच्या बंधाऱ्याला अकरा दारं आहेत, आणि भरल्या पाण्यात अडकलेला लोखंडी बर्गा दोघांच्यानं हलत नाही. पहिला थर दहा-बारा माणसांनी आकडे आणि चेनपुली लावून काढला. आठव्या दिवशी मात्र मी आणि सुभेदार दोघंच पोचलो. कुणाच्या घरी लग्न होतं, कुणाला सांगलीला जायचं होतं. सुभेदारांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, पुली पहिल्या दाराला टांगली आणि ओढायला सुरुवात केली. मी साखळी धरली. पहिल्या बर्ग्यालाच पाऊण तास लागला. माझ्या हातांची सालटं निघाली. दुसऱ्या दाराला दीर आले. त्यांनी माझ्या हातातली साखळी घेतली. मग त्यांचा मुलगा आला, मग आणखी दोघं. दुपारी तीनला अकरावं दार झालं. पाणी खाली निघालं, तेव्हा मी खांबाला टेकून बसले होते आणि मला उठवत नव्हतं.

खालच्या विहिरीला पाझर फुटायला पाच-सहा दिवस लागले. आमच्याकडच्या दोन बागांना त्या उन्हाळ्यात ताण बसला, तेही खरं आहे. त्यांतली एक आमची होती.

पावसाळ्यानंतर मी नवा करार लिहिला. त्यात बर्गे हा शब्दच ठेवला नाही. वर सहा फूट, खाली सहा फूट, तळाच्या दगडापासून. आणि मोजायला येणाऱ्यानं टेप आणायचाच; न आणणाऱ्याला मोजू द्यायचं नाही. ही शेवटची अट वाचून दाखवताना मी फक्त भावाकडं बघत होते.

बर्गे बसवायच्या दिवशी तो आला. टेप होता, पण खिशात होता. आमच्या गावचे वीस-पंचवीस लोक काठावर उभे होते. मी म्हटलं, ‘काढ.’ त्यानं काढला, पण एकेका दाराशी वाकताना तो असा अवघडत होता की मलाच बघवेना. एक, दोन, तीन दारं बरोबर भरली. सातव्या दाराशी तो थांबला. पुन्हा मोजलं. मग टेप गुंडाळायला लागला.

‘काय झालं?’ दीर म्हणाले.

‘काय न्हाई. दोन बोटं जास्त हाय जनू.’

‘खाली दगड अडकला असंल,’ सुभेदार म्हणाले.

‘दोन बोटांनी काय हुतंय रं,’ दीर हसून म्हणाले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पाव्हण्याला संकोच नको एवढंच. काठावरचे लोकही हसले. भावानं माझ्याकडं पाहिलं. त्याला वाटत होतं मी काहीतरी बोलावं. मला बोलायचंही होतं, जिभेवर आलंही होतं, पण मी दात दाबून धरले आणि नदीकडं बघत राहिले.

त्यानं टेप पुन्हा उलगडला.

‘हुतंय की दाजी,’ तो म्हणाला. ‘चारी बर्गे काढा. दगड काढा आनि परत बसवा. मी थांबतो.’

माझ्या सासरच्या माणसांपुढं माझा भाऊ इतक्या मोठ्यानं बोललेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. दीर त्याच्याकडं बघत राहिले, मग त्यांनी चेनपुली सातव्या दाराकडं आणायला सांगितली.